घरट्यावरचा लाइव्ह कॅमेरा: बघणं वेगळं, नोंद वेगळी

अमेरिकेतल्या इथाका इथे कॉर्नेल विद्यापीठाच्या मैदानावर दिव्याच्या एका उंच खांबावर रेड-टेल्ड हॉक या शिकारी पक्ष्याचं घरटं आहे. मादीचं नाव बिग रेड. 2012 पासून या जोडीचा संसार कॅमेऱ्यातून जगभर दिसतो. 2017 मध्ये तिचा जोडीदार एझ्रा मेला. 2018 पासून आर्थर तिच्यासोबत आहे.

असा व्हिडिओ फुकट, घरबसल्या मिळतो म्हटल्यावर तुमच्या मनात येईल, यावर प्रोजेक्ट करता येईल का? येईल. पण तासन्‌तास बघितलं म्हणजे डेटा गोळा झाला, असं होत नाही.

समजा तुमचा प्रश्न आहे: लहान पिल्लाला कमी घास मिळतात का? प्रश्न चांगला आहे. ही मादी काही दिवसांच्या अंतराने अंडी घालते आणि पिल्लंही एकाच वेळी बाहेर येत नाहीत, त्यामुळे थोरलं अंगाने मोठं असतं. आता तुम्ही वही घेऊन बसलात आणि लक्षात राहील ते लिहीत गेलात, तर काय होईल? भांडणं, ओढाताण, मोठी शिकार हे सगळं वहीत येईल. शांतपणे भरवलेले वीस घास निसटतील. जीन ऑल्टमन यांनी 1974 च्या आपल्या प्रसिद्ध लेखात नेमका हाच धोका दाखवला आणि पर्याय मांडले. एक म्हणजे ठरलेला वेळ एकाच पिल्लावर नजर ठेवून त्याचं सगळं लिहायचं. दुसरा म्हणजे ठरावीक मिनिटांनी, त्या क्षणी कोण काय करतंय एवढंच टिपायचं. घास मोजायचे तर पहिला पर्याय घ्या. घास ही क्षणात संपणारी गोष्ट आहे, दहा मिनिटांनी एकदा बघून ती सापडणार नाही.

पुढची अडचण ओळखीची. पांढऱ्या लवेची तीन पिल्लं एकमेकांना चिकटून बसली की कोण कोणतं, कळत नाही. अशा वेळी अंदाजाने आकडा भरू नका. ‘ओळख पटली नाही’ असा वेगळा रकाना ठेवा. आई पाठ करून बसली असेल तर ‘दिसलं नाही’ लिहा, शून्य नको. शून्य म्हणजे घास दिला नाही. ‘दिसलं नाही’ म्हणजे आपल्याला माहीत नाही.

आणि नमुना किती? रेकॉर्डिंग हजार तासांचं असलं तरी घरटं एकच. तासांना स्वतंत्र नमुने मानून आकडेमोड करणं म्हणजे स्यूडोरेप्लिकेशन. हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये या चुकीला हे नाव दिलं. एका घरट्यावरून ‘या जातीत असंच असतं’ म्हणता येत नाही. मात्र नोंदपद्धत तपासायला ते उत्तम. एकच तास दोघांनी वेगवेगळा नोंदवा आणि आकडे जुळतात का बघा. जुळत नसतील तर ‘घास’ कशाला म्हणायचं, हे आधी नीट ठरवा.

सगळ्यात कठीण भाग शेवटी सांगते. कधी एखादं पिल्लू मागे पडतं, निपचित होतं, मरतं. बघवत नाही, लॅपटॉप बंद करावासा वाटतो. पण तुमचा प्रश्नच घास कमी मिळण्याचा आहे ना? मग ते दिवस गाळले तर उरलेल्या आकड्यांत सगळी पिल्लं पोटभर जेवलेली दिसतील. नाहीच बघवलं तर तो भाग दुसऱ्याला नोंदवायला द्या, पण नोंद सोडू नका.

हे वाचून गावातल्या घरट्यावर स्वतःच कॅमेरा लावायला मात्र जाऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या घरट्याला त्रास देणंही येतं. आधी मार्गदर्शकांशी बोला, वनविभागाची परवानगी घ्या.

आज व्हिडिओ लावण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा: प्रश्न काय, मोजायचं काय, कधी आणि किती वेळ बघायचं, दिसलं नाही तर काय लिहायचं. मग प्ले दाबा.