घरचा चिली सॉस : तिखट हवे तेवढे, मीठ बेताचे

नूडल्स असोत, मंचुरियन असो की अंडाभुर्जी, मुलांना हल्ली चिली सॉस लागतोच. वस्तीतल्या किराणा दुकानातही त्याची बाटली मिळते. आईवडील म्हणतात, "तिखट कमी खा." पण निरोगी माणसाने काळजी करावी ती तिखटापेक्षा मिठाची. मीठ वाढले की रक्तदाब वाढतो आणि त्याचा भार हृदयावर, मूत्रपिंडांवर आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. त्यातच भाजी, लोणचे, पापड, फरसाण सगळे आले. बाटलीवरचा सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ कळते. समजा, १०० ग्रॅममागे १२०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल, तर ते ३ ग्रॅम मीठ झाले. सॉस घरी केला तर हे प्रमाण आपल्या हातात राहते.

साहित्य

पिकलेल्या लाल ओल्या मिरच्या पाव किलो, पाण्यात भिजवलेल्या ४ बेडगी मिरच्या (रंगासाठी), लसणाच्या ८-१० पाकळ्या, व्हिनेगर २०० मिलिलिटर, पाणी १०० मिलिलिटर, मीठ १ सपाट चहाचा चमचा, गूळ २ चमचे. व्हिनेगरच्या बाटलीवर आम्लाचे प्रमाण ४ टक्के किंवा जास्त असावे.

कृती

मिरच्या धुऊन, पुसून देठ काढा. तिखट कमी हवे असेल तर आतला पांढरा गर काढून टाका. झोंबणारे कॅप्सेसिन मुख्यतः त्या गरात असते. बी तिखट लागते ते गराला चिकटल्यामुळे. स्टीलच्या पातेल्यात सर्व जिन्नस एकत्र करून झाकण ठेवा आणि मंद आचेवर १५ मिनिटे शिजवा. अ‍ॅल्युमिनियम, तांबे किंवा पितळेचे भांडे घेऊ नका, आम्लाने धातू सुटतो. खिडकी उघडी ठेवा आणि दमा असलेल्यांना व लहान मुलांना स्वयंपाकघराबाहेर बसवा. थंड झाल्यावर मिक्सरमध्ये वाटा, गाळा आणि उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरा. फ्रिजमध्ये ठेवून महिना-दीड महिन्यात संपवा. ओला चमचा घालू नका. बुरशी, फेस किंवा वेगळा वास आला तर सगळा सॉस टाकून द्या, वरची बुरशी काढून खाऊ नका.

व्हिनेगर कमी करून पाणी वाढवू नका. सॉस टिकतो तो आम्लामुळे. लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवण्याची पद्धत तर धोक्याची आहे. हवा न पोचणाऱ्या आणि आम्ल नसलेल्या अशा मिश्रणात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, आणि त्यांचे विष वासाने किंवा चवीने ओळखू येईलच असे नाही. तेल-लसणाचा ठेचा म्हणूनच थोडा करावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा.

हात आणि तोंड भाजले तर

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. हाताची आग झाली तर आधी तेल चोळा, मग साबणाने धुवा. तोंड भाजले तर पाण्यापेक्षा दूध किंवा दही बरे. डोळ्यात गेले तर मात्र स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि आग थांबली नाही तर डॉक्टरांकडे जा.

मिरचीबद्दलचे गैरसमज

मिरचीने अल्सर होतो, हा समज चुकीचा आहे. बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापराने होतात. हा जंतू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. मात्र अल्सर, आम्लपित्त किंवा मूळव्याध आधीच असेल तर तिखटाने त्रास वाढतो. अशांनी बेतानेच खावे.

दृष्ट काढताना मिरच्या जाळल्या आणि ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट मोठी होती, असे अजूनही ऐकू येते. ठसका लागतो तो धुरातल्या कॅप्सेसिनने, आणि तो धूर तान्ह्या बाळाच्या छातीला घातक असतो. बाळ किरकिरत असेल, अंगात ताप असेल तर मिरच्या चुलीत न टाकता त्याला दवाखान्यात न्यावे.

ताटात काय हवे

कष्टकऱ्यांच्या घरी भाकरी, मिरची आणि मीठ एवढ्यावर कित्येक जेवणे झाली. मिरचीने कोरडा घास गिळता येतो, पण अंगात ताकद येत नाही. ओल्या मिरचीत क जीवनसत्त्व असते खरे, पण ते शिजवताना बरेच नष्ट होते. म्हणून चमचाभर सॉस तोंडी लावण्यापुरताच ठेवा. त्याच्या शेजारी डाळ, उसळ, अंडे किंवा मूठभर शेंगदाणे आणि एखादी पालेभाजी हवीच. आणि घरात कोणाला रक्तदाब असेल, तर सॉस वाढल्यावर त्या दिवशी लोणचे-पापड ताटात नको.