ब्राउझर आणि टॅगची ग्राह्यता : व्याख्या आणि व्यवहार

प्रस्तावना :
संकेतस्थळाच्या पानात वापरलेला एखादा टॅग किंवा त्याचा गुणधर्म ग्राह्य आहे की नाही, हे कोण ठरवते? हा प्रश्न वरवर केवळ तांत्रिक वाटतो. तथापि मराठी मजकुराच्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचन :
नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० या प्रमाणकात टॅगची औपचारिक यादी 'डीटीडी', म्हणजेच दस्तऐवज-प्रकार व्याख्या, या स्वरूपात देण्यात आली. कोणता टॅग कशाच्या आत येऊ शकतो, त्यास कोणते गुणधर्म जोडता येतात आणि त्यांपैकी अनिवार्य कोणते, हे तीत नमूद असते. मात्र प्रचलित ब्राउझर पान दाखविताना ही व्याख्या वाचतच नाहीत, ही बाब अध्यापनात बहुधा निसटते. ओळखीच्या टॅगची नोंद ब्राउझरच्या स्वतःच्या आज्ञावलीत असते. डीटीडी उपयोगी पडते ती पान तपासणाऱ्या साधनांना. अनोळखी टॅग दुर्लक्षून आतील मजकूर दाखवावा, असा संकेत २.० मध्येच होता.

हा उदारपणा पुढे स्पर्धेच्या पथ्यावर पडला. नेटस्केपने लुकलुकणाऱ्या अक्षरांसाठी 'ब्लिंक' आणला, मायक्रोसॉफ्टने सरकत्या ओळीसाठी 'मार्की'. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० मध्ये या दोहोंना स्थान मिळाले नाही. फायरफॉक्सने २०१३ मध्ये 'ब्लिंक'चा आधार काढून टाकला. 'मार्की' मात्र कालबाह्य ठरूनही आज चालतो, आणि आपल्याकडील कित्येक महाविद्यालयांच्या सूचना अद्याप त्यातूनच धावत असतात! याउलट, चित्रासोबत पर्यायी मजकूर देणारा 'ऑल्ट' हा गुणधर्म ४.० ने अनिवार्य केला, तरी तो नसताना ब्राउझर चित्र बिनतक्रार दाखवितो. त्याची उणीव भासते ती पडदा-वाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यास.

२०१४ मध्ये शिफारस म्हणून स्वीकारलेल्या एचटीएमएल ५ ला डीटीडी नाही. सदोष पानाचाही सर्व ब्राउझरांनी एकसारखाच अर्थ कसा लावावा, याचे सविस्तर नियम त्यात आहेत. व्यवहारास दिलेली ही मान्यता मला अधिक प्रामाणिक वाटते.

मराठीपुरते पाहता 'लँग' हा गुणधर्म विशेष विचारार्ह ठरतो. त्याचे मूल्य 'एमआर' असे दिल्यास, फॉन्टमध्ये सोय असेल तर, ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाने उमटतात. पडदा-वाचकासही मराठी उच्चारण निवडता येते. तो गाळल्यास कोणतीही त्रुटी पडद्यावर दिसत नाही. देवनागरी लिपी मराठीची, हिंदीची आणि नेपाळीचीही असल्याने केवळ अक्षरांवरून भाषेचा निश्चित बोध ब्राउझरला होत नाही.