सीमेवरचा ‘ड्रोन’ आणि डोळ्यांची फसगत

ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखच्या सीमेवर भारतीय जवानांनी अज्ञात प्रकाशमान वस्तू दिसल्याच्या ३२९ नोंदी केल्या. चीनचे टेहळणी ड्रोन असावेत, असा संशय होता. रडारवर मात्र काहीच येत नव्हते. अखेर बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची मदत घेतली गेली. वस्तू कधी उगवते, ताऱ्यांच्या तुलनेत कुठे असते, हे पडताळल्यावर उत्तर मिळाले: पहाटेचा शुक्र आणि रात्रीचा गुरू!

जवानांची नजर अधू होती का? मुळीच नाही. डोळा कधीच पूर्ण स्थिर नसतो. काळोखात तुलनेला खूण नसली, की टक लावून पाहिलेला स्थिर ठिपकाही सरकल्यासारखा वाटतो. निरोगी माणसालाही हा भास होतो. पहाऱ्यावर मात्र तो महागात पडू शकतो.

रडारही फसते. जुलै १९५२ मध्ये वॉशिंग्टनवर रडारच्या पडद्यावर ठिपके उमटले, वैमानिकांनाही दिवे दिसले. गार हवेवर उबदार थर बसला की रडारच्या लहरी वाकतात, असे स्पष्टीकरण अमेरिकी हवाई दलाने दिले.

भिंगारसारख्या लष्करी छावणीच्या गावात असा दिवा दिसला तर घाबरू नये. भिंतीला टेकून, छपराच्या कडेशी जुळवून तो पाहावा; वेळ व दिशा लिहून ठेवावी. तासाभरात ताऱ्यांबरोबरच सरकला, तर बहुधा ग्रहच. भलतीकडे वळला, तर पोलिसांना कळवावे. अफवा मात्र पसरवू नये.