पाठाअंती पाच मिनिटे

‘पुढे पाठ, मागे सपाट’ ही म्हण नवी भाषा शिकणाऱ्यास विशेष लागू पडते. तास चालू असता सारे समजल्यासारखे वाटते. दुसऱ्या दिवशी मात्र शब्द ओठांवर येत नाहीत. मग ‘ही भाषा मला येणारच नाही’, असे म्हणून विद्यार्थी निराश होतो.

वस्तुतः विसरणे हा मनाचा धर्मच होय. हेर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १८८५ साली प्रसिद्ध केले. विस्मरण आरंभी फार वेगाने होते, पुढे तो वेग मंदावतो, असे त्यास आढळले. म्हणून पाठ संपताच शिकलेले टिपून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी वही न पाहता ते आठवून पाहावे.

टिपण करण्याची रीत सोपी आहे. पुस्तक मिटून तीन गोष्टी लिहाव्यात : आज काय आले, कोठे अडले आणि उद्या काय करावयाचे. ‘सर्व समजले’ असे मोघम वाक्य निरुपयोगी ठरते. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातही भाषेतील प्रगती ‘अमुक करता येते’ अशा नेमक्या विधानांनी सांगितली आहे.

समजा, मराठी भाषक विद्यार्थी हिंदी शिकत आहे. तो ‘अच्छा पुस्तक’ असे लिहितो व चुकतो. पाठाअंती तो टिपतो : ‘मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी; हिंदीत स्त्रीलिंगी. म्हणून अच्छी पुस्तक.’ दुसऱ्या एका दिवशी तो ‘शिक्षा’ ह्या हिंदी शब्दाचा अर्थ ‘दंड’ असा घेतो. तेथे तो ‘शिक्षण’ असा असतो. तीही नोंद वहीत होते. महिन्याने पाने उलटली, की कोणती चूक सुटली आणि कोणती पुनःपुन्हा होते, हे त्याचे त्यालाच उमगते. अनेकांच्या वह्यांत एकच अडचण दिसली, तर तो भाग पुन्हा शिकविला पाहिजे, हे शिक्षकांनाही कळते.

मात्र ह्या वहीस गुण देऊ नयेत. गुणांच्या लोभाने अडचण लपविली गेली, तर वहीचा हेतूच नष्ट होतो.

मुलाची वाढ रोज पाहणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. भिंतीवरील उंचीच्या रेघा ती दाखवितात. भाषेच्या अभ्यासात पाठाअंतीची ही टिपणे म्हणजे अशाच रेघा होत.