नांगरलेले जहाज

नांगर म्हटला की पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुलांना काळे रान आणि उसाच्या सऱ्या आठवतात. समुद्र तेथून दूर आहे. परंतु जहाजालाही नांगर असतो, आणि त्या नांगराचा खेड्यातील स्वयंपाकघराशी निकटचा संबंध आहे. भारतात स्वयंपाकासाठी जो गॅस लागतो, त्यापैकी निम्म्याहून अधिक गॅस परदेशांतून जहाजांनी येतो.

हा गॅस मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन या दोन वायूंचा असतो. प्रोपेन सुमारे उणे ४२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला म्हणजे त्याचा द्रव होतो आणि तो अडीचशे पटींहूनही कमी जागेत मावतो. अशा थंड टाक्या पोटात घेऊन आलेल्या जहाजाला धक्का मोकळा होईपर्यंत बंदराबाहेर थांबावे लागते. तेव्हा ते समुद्रात नांगर टाकते. केवळ नांगराच्या बळावर मात्र ते स्थिर राहत नाही. पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट लांब साखळी सोडलेली असते. तळावर आडव्या पडलेल्या त्या साखळीचे ओझे नांगराची पकड टिकवते. दिवसा दर्शनी भागी एक काळा गोळा व रात्री पांढरे दिवे लावून ‘आम्ही नांगरलेले आहोत’ अशी सूचना इतर जहाजांना दिली जाते.

दुरून पाहणाराला असे जहाज स्वस्थ झोपल्यासारखे वाटते. वस्तुतः त्यावरील कामे थांबत नाहीत. बाहेरच्या उष्णतेने टाकीतील द्रवाची थोडीथोडी वाफ होते. ती पुन्हा थंड करून द्रवरूपात आणावी लागते. नांगर सरकला की काय, हे पाहण्यासाठी अधिकारी रात्रंदिवस पहारा देतात. खलाशी साखळ्यांना व कप्प्यांना वंगण देतात, जीवरक्षक होड्या तपासतात, गंज खरवडून रंगाचे हात देतात. मात्र ज्या कामात ठिणगी उडण्याचा संभव असतो, ते लेखी परवानगीवाचून करता येत नाही.

गंज हा जहाजाचा मोठा वैरी होय. खारी हवा व खारे पाणी लोखंडाला अहोरात्र पोखरत असतात. पण गंजाचा आणखी एक धोका आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. लोखंड गंजताना हवेतील प्राणवायू शोषून घेते. हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. बराच काळ बंद राहिलेल्या लोखंडी टाकीत ते इतके घटते की आत उतरलेला माणूस क्षणात बेशुद्ध होतो. त्याला वाचवण्यासाठी धावत उतरलेला सोबतीही प्राणास मुकतो. जुन्या, वापरात नसलेल्या आडात असेच अपघात घडतात. म्हणून टाकीत उतरण्यापूर्वी ताजी हवा खेळवावी, यंत्राने प्राणवायू मोजावा आणि तोंडाशी एक माणूस उभा ठेवावा, असा नियम आहे. सोबती कोसळला तरी श्वसनयंत्र लावल्याखेरीज कोणी आत जाऊ नये, हा नियम तर त्याहून कठोर आहे.

पाण्याखालचा भाग पाहण्यासाठी जहाज सुक्या गोदीत न्यावे लागते. मालवाहू जहाजाच्या तळाची तपासणी पाच वर्षांत किमान दोनदा व्हावी लागते. जहाज आत आले की गोदीचा दरवाजा बंद करून पाणी उपसतात. जहाज लाकडी ठोकळ्यांवर टेकते. मग तळाला चिकटलेले शेवाळ व शिंपले खरवडतात, कारण त्यांच्यामुळे वेग घटतो व इंधन अधिक जळते. पत्रा किती झिजला हे ध्वनिलहरींनी मोजतात. तळावर जस्ताचे ठोकळे बसवतात. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. लवजी नसरवानजी वाडिया यांनी मुंबईत १७५० साली अशी गोदी बांधली. पुढे १९१४ साली तेथेच सुमारे ३०५ मीटर लांबीची ह्यूजेस सुकी गोदी तयार झाली.

शेतकरी पेरणीपूर्वी नांगराचा फाळ पाजवून घेतो, गाडीच्या आसाला वंगण देतो. खलाशीही तेच करतो. मात्र त्याच्या हातून एखादा पेच सैल राहिला, तर त्याची किंमत साऱ्या सोबत्यांना मोजावी लागते. म्हणून भर समुद्रात, कोणी पाहत नसतानाही, तो प्रत्येक पेच पुन्हा एकदा आवळून पाहतो.