पावतीबाहेरचं दान

नागपूरच्या लकडगंजाला देणं नवं नाही. सागवानाच्या वखारी आणि आरागिरण्यांच्या आधाराने वाढलेल्या या भागात कच्छी, गुजराती, मारवाडी व्यापाऱ्यांनी समाजाची भवनं बांधली, नागपूरच्या उन्हाळ्यात पाणपोया लावल्या, दवाखान्यांना हात दिला. भिंतीवर संगमरवरी पाटी लागली आणि तिच्यावर थोरल्यांची नावं आली. घरातल्या पोरांच्या वाट्याला दोनच कामं. एक, वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन दुकानाच्या गल्ल्यापुढे उभं राहायचं आणि दुसरं, महाप्रसादाच्या पंगतीत वाढायचं. द्यायचं बापाने आणि राबायचं लेकाने, अशी सरळ वाटणी होती. गेल्या पंचवीस वर्षांत ती बरीचशी मोडली. कशी मोडली हे पाहायचं तर 2000 सालापर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी 9 फेब्रुवारीला गुजरातेतल्या वीरपूरच्या जलाराम मंदिराने कुठलीही देणगी घेणं बंद केलं. सदाव्रत चालूच राहिलं, पैसा घेणं तेवढं थांबलं. लकडगंजात क्वेटा कॉलनीत जलारामबापांचं मंदिर आहे, भक्तांचा मोठा गोतावळा आहे. देवाला दिलेला पैसा देवच नको म्हणतो, हे व्यापारी मनाला पचवणं सोपं नसणार.

योगायोग असा, की त्याच वर्षी नागपुरात रेल्वेत नोकरी करणाऱ्या खुशरू पोचा यांनी इंडियन ब्लड डोनर्स नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. रक्त देऊ इच्छिणाऱ्याने आपला गट, गाव आणि फोन नोंदवायचा. ज्याला गरज असेल त्याने थेट त्यालाच फोन करायचा, मध्ये कुणी नाही. पुढच्याच जानेवारीत भूजचा भूकंप झाला आणि ही नोंदवही देशभर पोचली. लकडगंजातल्या कितीतरी घरांचं मूळ कच्छात, त्यामुळे त्या जानेवारीचं दुःख इथे घरचंच होतं. पोचांचा एक हट्ट मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रोख रक्कम घ्यायची नाही. नंतर सेवा किचन उभं राहिलं, रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण मिळू लागलं, रुग्णालयांत ‘नेकी का पिटारा’ नावाचे फ्रिज लागले. तिथेही तोच नेम. डाळ द्या, तांदूळ द्या, नाहीतर या आणि वाढा.

पैसा नाकारला की काय होतं? ज्याच्याकडे पैसा नाही तो पुढे येतो. वीस वर्षांच्या मुलाच्या खिशात पेट्रोलपुरते पैसे असतात, पण त्याच्याकडे संध्याकाळ असते, दुचाकी असते आणि अंगात रक्त असतं. देणगीदारांच्या यादीत त्याला कधीच जागा नव्हती. इथे तो थेट दाता झाला.

विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलची गोष्ट ‘झुंड’ सिनेमामुळे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून इथे फार लांबवत नाही. एवढंच, की 2001 मध्ये सुरू झालेल्या त्या खेळातली काही पोरं पुढे तिथेच धाकट्यांची प्रशिक्षक झाली. घेतलेलं परत करायला त्यांच्याजवळ खेळच होता.

वेळेचं दान मात्र लवकर आटतं. परीक्षा येते, नोकरी लागते, लग्न ठरतं. टिकलं ते काम, ज्याला तिथी होती. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर अशोक विजयादशमीला वस्त्यावस्त्यांतली पोरं भोजनदानाला उभी राहतात. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांच्या श्रमसंस्कार छावणीची तारीख 15 ते 22 मे अशी पंचांगात असावी तशी पक्की. ऐन मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात, तरी मुलं जातात. आणि 2014 पासून नागपूरची पौर्णिमा. तत्कालीन महापौर अनिल सोले यांच्या कल्पनेतून महापालिका आणि ग्रीन व्हिजिल फाउंडेशन यांनी पौर्णिमा दिवस सुरू केला. पौर्णिमेच्या रात्री एक तास अनावश्यक दिवे बंद ठेवायचे. फाउंडेशनचे तरुण स्वयंसेवक फलक घेऊन एखाद्या चौकात जमतात आणि दुकानदारांना विनवतात, ‘भाऊ, पाटीचा लाइट तेवढा बंद करा जी.’ कुणी करतो, कुणी गिऱ्हाईक दाखवतो. वीज किती वाचली याचे हिशेब मांडले जातात, पण मला त्यात फारसा रस नाही. मोठ्या शहराच्या विजेपुढे ते थेंबभरच असणार. पण पौर्णिमा चुकत नाही, म्हणून जमणंही चुकत नाही.

2020 मध्ये तिथीबिथी सगळी विस्कटली. टाळेबंदीत छत्तीसगड-ओडिशाकडे निघालेले मजूर लकडगंजाच्या अंगावरून जाणाऱ्या भंडारा रोडने चालत होते. खिचडी, पाणी, चपला, जे हाती लागेल ते घेऊन पोरं रस्त्यावर आली. पुढच्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनचा तुटवडा पडला, तेव्हा प्यारे खान यांनी टँकर आणवले आणि सुमारे 85 लाख रुपये पदरचे घातले. एकेकाळी रेल्वे स्टेशनबाहेर संत्री विकणारा हा वाहतूकदार. प्रशासनाने पैसे परत देऊ केले, तर त्यांनी ते रमजानची जकात म्हणून सोडून दिले.

आता थोडं कडू. पावती गेली म्हणता म्हणता ती दुसऱ्या दाराने परत आली आहे. 1969 पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तास भरले की प्रमाणपत्र मिळतं. योजना चांगलीच आहे. पण तास भरण्यासाठी झाडू हातात घेतलेला मुलगा लगेच ओळखू येतो, आणि केळं देताना कॅमेऱ्याकडे पाहणाराही. संगमरवरी पाटी निदान एकदाच लागायची. मोबाइलमधली पाटी रोज लागते.

रक्तापुढे ही पाटी कामाची नाही. ते 18 वर्षांवरच्या निरोगी माणसाकडूनच मिळतं आणि पुरुषाने एकदा दिलं की 90 दिवस, बाईने दिलं की 120 दिवस थांबावं लागतं. साठवलेल्या लाल पेशी साधारण 42 दिवसांपलीकडे चालत नाहीत, म्हणून जानेवारीतल्या जंगी शिबिराचं रक्त मे महिन्यात उपयोगी पडत नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, मुलं गावी गेलेली असतात, शिबिरं कमी होतात आणि रक्तपेढ्यांतला साठा उतरतो. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, उन्हाळ्यातही. नागपुरातली जी मंडळं हे ओळखून आहेत, ती आपली शिबिरं वाढदिवस आणि जयंत्यांवरून काढून एप्रिल-मेकडे सरकवतात.