पुस्तकाचा ट्रेलर: शेवट सांगायचा नाही!

परवा सातवीच्या मुलींनी ‘फास्टर फेणे’चा ट्रेलर दाखवायला आणला. शाळेचं ग्रंथालय सांभाळते, त्यामुळे असे व्हिडिओ आधी माझ्याकडे येतात. सायकल, पळापळ, तो प्रसिद्ध ‘ट्टॉक’, सगळं झकास. आणि शेवटी चोर कोण तेही सांगून मोकळ्या!

ट्रेलर म्हणजे सारांश नव्हे. नायक कोण, अडचण काय, एवढं दाखवायचं आणि नेमक्या क्षणी थांबायचं.

एक मिनिट भरपूर झालं. त्यात निवेदनाचे साठ-सत्तर शब्द बास, बाकी जागा चित्रांना. मोजकेच शब्द वापरायचे म्हटलं की मुलं पुस्तक पुन्हा उघडतात. (माझा खरा स्वार्थ तोच!)

फोन आडवा धरा. आवाज मात्र वेगळा रेकॉर्ड करा, पंखा बंद करून. चित्र हललं तर चालतं, शब्द कळले नाहीत तर कोणी बघत नाही.

आता हक्कांचं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’तला उतारा बिनधास्त वाचा. ‘फास्टर फेणे’चे लेखक भा. रा. भागवत २००१ साली गेले, त्यामुळे तिथे लांबलचक उतारे नकोत, आपल्या शब्दांत सांगा. सिनेमातलं गाणंही नको. वर्गात कोणीतरी पेटी किंवा तबला वाजवतंच की! मुखपृष्ठाऐवजी मुलांनी काढलेलं चित्र घ्या, मला तर तेच जास्त आवडतं.

१५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, आम्ही हे ट्रेलर परिपाठात दाखवणार आहोत. तुमच्या शाळेत करायचं असेल आणि एडिटिंगपाशी गाडी अडली, तर खाली विचारा.